आड आणि पोहरा

'आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार?' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ती बहुधा दुसऱ्याची उणीव काढतांनाच वापरतात. मास्तर हुशार नाहीं म्हणून विद्यार्थी मठ्ठ, बाप अडाणी म्हणून मुलगा अडाणी, असा तिचा रोख असतो. परंतु या म्हणीला दुसरीही एक बाजू आहे, ती सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. आडाच्या तळाशीं काय आहे हें काठावर उभें राहून दिसत नाहीं. तेथें काळोख असतो. पोहरा वर आला म्हणजेच खालीं पाणी आहे कीं गाळ आहे हें कळतें. माणसाच्या श्रद्धेचेंही असेंच आहे, असें मला फार वर्षांपासून वाटत आलें आहे. तो कोणत्या देवाला हात जोडतो, कोणत्या दिवशीं उपास धरतो, कोणता ग्रंथ उशाशीं ठेवतो, हें सगळें काठावरचें बांधकाम झालें. आंत काय आहे तें शेजाऱ्यालाच ठाऊक. कारण त्याच्या घागरींत तें पडतें.

हा विचार मला एखाद्या तत्त्वज्ञाच्या ग्रंथांत सांपडला नाहीं. तो एका खऱ्याखुऱ्या आडाच्या कांठीं सांपडला, आणि तोही उशिरां.

माझें बालपण अहमदनगरांत गेलें. आतां त्या शहराचें नांव अहिल्यानगर झालें आहे. तेथें ख्रिस्ती शेजार ही कांहीं नवलाईची गोष्ट नव्हती. अमेरिकन मिशनचें काम त्या शहरांत १८३१ पासून सुरू झालेलें. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या संसाराचा मोठा भाग नगरशीं निगडित. आणि 'स्मृतिचित्रें' तर आमच्याही घरांत आईच्या उशाशीं असे. लक्ष्मीबाईंचें सोंवळें कसें हळूहळू सुटलें हें वाचून आई हसे, क्वचित् डोळेही पुशी. पण पुस्तकांतल्या ख्रिस्ती बाईवर माया करणें सोपें. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या ख्रिस्ती बाईच्या हातचें पाणी पिणें ही गोष्ट निराळी.

आमच्या जुन्या वाड्याच्या मागच्या बाजूस छातीइतक्या उंचीची दगडमातीची भिंत होती. तिच्या पलीकडे एक बैठें घर, पुढें आंगण, आंगणांत आड आणि आडाशेजारीं शेवग्याचें झाड. त्या घरांत एक वयस्क जोडपें राहत असे. काका शाळेंत मास्तर होते. काकू पूर्वीं एका रुग्णालयांत परिचारिका होत्या, आतां घरींच असत. आमच्या घरांत त्यांचा उल्लेख नांवानें कधीं झाला नाहीं. ते 'पलीकडचे काका' आणि त्या 'पलीकडच्या काकू'. हें विशेषण भिंतीवरून पडलें होतें हें खरें. पण त्यांत भिंतीहून उंच असें आणखीही कांहीं होतें, हें कळण्याचें माझें तें वय नव्हतें.

आमची आजी कडक सोंवळ्याची. १९७० सालच्या नाताळांत काकूंनीं भिंतीवरून माझ्या हातीं एक झांकलेलें ताट दिलें. त्यांत करंज्या, शंकरपाळे आणि केकचे चार तुकडे होते. आजीनें ताटाकडे एकदां पाहिलें, 'मागल्या दारीं नेऊन कोणाला तरी दे,' म्हणून सांगितलें, आणि तें रिकामें झाल्यावर चिंचेनें तीनदां घासावयास लावलें. मी मागल्या दारीं गेलों खरा. परंतु निम्मा फराळ तेथें उभ्या उभ्या माझ्याच पोटांत गेला. ताट परत देतांना, 'आजीला करंज्या फार आवडल्या,' असें मीं काकूंना ठोकून दिलें. माझ्या ओठांना लागलेली पिठीसाखर त्यांना दिसली असली पाहिजे. त्या हसल्या आणि 'बरें झालें,' एवढेंच म्हणाल्या.

पुढच्या वर्षीं नाताळांत पुन्हा ताट आलें. त्यांत एक असोला नारळ, डझनभर केळीं आणि कागदी पुड्यांत रवा व साखर होती. शिजवलेलें असें कांहीं नव्हतें. फळाला आणि कोरड्या शिध्याला विटाळ नाहीं, हा आमच्या घरचा नियम त्यांनीं कोणाला विचारून घेतला कीं स्वतःच ताडला, देव जाणे. आजीनें नारळ हातांत घेतला, कानाशीं नेऊन हलवून पाहिला आणि पुटपुटली, 'हिला आपलें सोंवळें कळतें.' त्या नारळाच्या वड्या झाल्या. चार वड्या केळीच्या पानांत बांधून माझ्याच हातीं पलीकडे गेल्या. त्या पलीकडे कशा खाल्ल्या गेल्या, हें मीं पाहिलें आहे. काकूंनीं पान उघडलें, डोळे मिटून क्षणभर प्रार्थना केली आणि पहिली वडी काकांच्या हातावर ठेवली. आमच्या हातचें खाण्यास त्यांना कोणताच नियम आड येत नव्हता.

१९७२ चा पावसाळा कोरडा गेला. आमचा जिल्हा मुळांतच पर्जन्यछायेंतला. त्यापूर्वींचीं वर्षेंही कांहीं भरघोस नव्हतीं. त्या सालाबद्दल आतां पुष्कळ लिहिलें गेलें आहे. रस्त्यावर खडी फोडणारीं शेतकऱ्यांचीं कुटुंबें, परदेशांतून आलेला तो तांबडा मायलो, मुलांच्या हातावर पडणारी सुकडी, हें सर्व ज्यांनीं पाहिलें त्यांना त्याचा विसर पडणें शक्य नाहीं. आमच्या वाड्यांतील आड १९७३ च्या मार्चांत आटला. तळाचा दगड उघडा पडला त्या दिवशीं आजी आडाच्या कांठाशीं बराच वेळ उभी होती. पलीकडचा आड मात्र खोल होता. त्याचा झरा तुटला नव्हता.

दुसऱ्याच दिवशीं काकू भिंतीशीं आल्या आणि आईला म्हणाल्या, 'आमच्याकडे पाणी आहे. दोर आणि पोहरा तुमचाच आणा. सकाळीं सहा ते सात मी आडाकडे फिरकत नाहीं. तेवढ्या वेळांत आजींचें पाणी भरून होईल.' बोलण्यांत उपकाराचा सूर नव्हता, कीं दुखावल्याचा कडवटपणा नव्हता. दूधवाल्याची वेळ सांगावी तशी त्यांनीं ती वेळ सांगितली. आजी आपला दोर, आपला पोहरा, आपली घागर घेऊन जाऊं लागली. काकू आपल्याच घराच्या पायरीवर, आपल्याच आडापासून दहा पावलांवर, भाजी निवडीत बसून राहत.

यांत एक महिना गेला. त्या आळीत सफाईच्या कामाला एक बाई येत असे. तिची आठदहा वर्षांची मुलगी एके दिवशीं आडावर पाणी भरीत होती, तोंच आजी पोहोंचली. आजी थबकली आणि मोठ्यानें म्हणाली, 'त्या पोरीला आधीं लांब करा, मग मी पोहरा सोडतें.' मुलीनें दोर सोडून दिला आणि ती मागें सरूं लागली. तेव्हां काकू पायरी उतरून खालीं आल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्या म्हणाल्या, 'आजी, तुमच्यासाठीं मी लांब उभी राहतें, तें माझें मी ठरविलें. तिला लांब हो म्हणण्याचा मला अधिकार नाहीं. तिचें भरून होईपर्यंत तुम्ही शेवग्याखालीं बसा.' मग मुलीकडे वळून त्यांनीं स्वतः दोर उचलून तिच्या हातांत दिला.

आजी रिकामी घागर घेऊन घरीं आली. दोन दिवस तिनें नगरपालिकेच्या टँकरची वाट पाहिली. रांगेंत तासभर उभें राहून मला एक कळशी मिळे. तींत गाळ अधिक. तिसऱ्या दिवशीं, अजून पुरतें उजाडलेंही नव्हतें, तों आजीनें खांद्यावर दोर टाकला. मी कंदील घेऊन बरोबर गेलों. ती मुलगी आमच्याही आधीं येऊन पाणी ओढीत होती. आजी कांहीं बोलली नाहीं. शेवग्याखालच्या दगडावर ती बसली. मुलगी भरून गेली. मग आजीनें पोहरा सोडला.

आज हें वाचून कोणी म्हणेल कीं, काकूंनीं मुळांत दहा पावलें मागें सरावयास नको होतें. त्यांनीं तसें करून एका अन्यायी रूढीला मान दिला. हा आक्षेप मीं स्वतःशीं अनेकदां घेतला आहे. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी डॉ. आंबेडकरांनीं ओंजळींत घेतलें, तें हक्क म्हणून घेतलें. तेथें एक पाऊल मागें घेणें हा मनुष्यपणाचा अपमान ठरला असता. परंतु काकूंच्या आंगणांत गोष्ट उलटी होती. आड त्यांचा होता, तहान आमची होती, आणि विटाळाची भीतीही आमचीच होती. स्वतःचा मान त्यांनीं आपल्या हातानें बाजूला ठेवला, कारण तो त्यांचा होता. त्या मुलीचा मान त्यांचा नव्हता, म्हणून तो त्यांनीं ठेवूं दिला नाहीं. नम्रता आणि भित्रेपणा यांतील सीमारेषा इतकी स्वच्छ आंखलेली मला पुन्हा क्वचितच पाहावयास मिळाली.

१९७६ च्या हिंवाळ्यांत आजी आजारी पडली ती उठली नाहीं. शेवटचे आठदहा दिवस काकू रोज रात्रीं येऊन बसत. परिचारिकेचे हात त्यांचे. कूस वळविणें, पाठीला पावडर लावणें, हें सर्व त्या करीत आणि आजी तें करूं देई. दुखऱ्या पाठीपुढें सोंवळें किती टिकणार? मात्र पाणी आणि औषध आईच्याच हातचें, हा नियम शेवटपर्यंत चालला, आणि तो आजीपेक्षां काकूच अधिक कसोशीनें पाळीत. शेवटच्या रात्रीं आई थकून पलीकडच्या खोलींत जरा आडवी झाली होती, वडील डॉक्टरांना आणावयास गेले होते. आजीचा श्वास बदलला. काकूंनीं तें ओळखलें. देव्हाऱ्यांत गंगेचा गडू होता, तुळशीचें पान होतें, पळी होती; सर्व त्यांच्या हाताच्या अंतरावर होतें. त्यांनीं त्यांपैकीं कशालाही हात लावला नाहीं. त्यांनीं मला हलवून जागें केलें, आईला हांक मारली, आणि म्हणाल्या, 'गडू फोड. पळींत पाणी घे. तूं दे.' मी पंधरा वर्षांचा होतों. माझा हात इतका थरथरत होता कीं पाणी उशीवर सांडूं लागलें. तेव्हां काकूंनीं खालून माझें मनगट धरलें. पळी माझ्या हातांत होती. मनगट त्यांच्या हातांत होतें. त्या पाण्याचे दोन थेंब आजीच्या ओठांत गेले.

इतकें पाहिलेला मुलगा पुढें कसा वागला, हें आतां सांगितलें पाहिजे. नाहीं तर हा लेख लिहिण्यास मला अधिकार नाहीं.

१९८० सालीं मी महाविद्यालयांत होतों. त्या वयांत जगांतील प्रत्येक चांगल्या गोष्टीच्या मागें एक डाव असतो असें वाटूं लागतें, आणि तो डाव आपणच प्रथम ओळखला याचा अभिमानही वाटतो. मिशनऱ्यांची सेवा म्हणजे गळाला लावलेलें आमिष, असें प्रतिपादन करणारीं कांहीं पत्रकें माझ्या हातीं आलीं होतीं. हा प्रश्न पोकळ नव्हता, हें मी आजही म्हणतों. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावरून तो पुण्यांत एकदां पेटला होता; रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनींही १८९३ सालीं त्या संस्थेशीं असलेला संबंध सोडला. पुढें त्याच रमाबाईंनीं दुष्काळांतल्या शेंकडों अनाथ मुलींना केडगांवीं आसरा दिला, तेव्हांही लोक हेंच विचारीत राहिले. सेवा हें धर्मांतराचें साधन होऊं नये, असें महात्मा गांधींनीं मिशनऱ्यांना वारंवार बजावलें होतें. प्रश्न योग्य होता. तो विचारण्यासाठीं मीं जी जागा निवडली ती मात्र अयोग्य होती.

भिंतीवर कोपरें टेकून मीं काकूंना सरळ विचारलें, 'काकू, खरें सांगा. हें सगळें तुम्ही आम्हांला बाटविण्यासाठींच करतां ना?'

काकू तांदूळ पाखडीत होत्या. सूप थांबलें. मग त्या हसल्या. म्हणाल्या, 'अरे, दहा वर्षें झालीं. तेवढ्यासाठीं करीत असतें, तर फारच मंद कारागीर म्हणावयाची मी!' मला वाटलें, विषय हंसण्यावारी गेला. पण सूप खालीं ठेवून त्या जवळ आल्या. 'मला माझा प्रभु आवडतो. तो तुलाही आवडावा असें मला वाटतें; नाहीं वाटत, असें खोटें कशाला सांगूं? पण पाणी त्यासाठीं नव्हतें. पाणी तहान लागली म्हणून होतें. तुझ्या आजीनें बदलावें म्हणून दिलें असतें, तर ती बदलत नाहीं असें पाहून बंद केलें असतें.'

एवढें बोलून त्या पुन्हा तांदूळ पाखडूं लागल्या. आजीच्या शेवटच्या रात्रीबद्दल त्यांनीं अवाक्षर काढलें नाहीं. तें एक वाक्य उच्चारून त्या मला मातींत मिळवूं शकल्या असत्या. मला स्वतःलाही ती रात्र त्या क्षणीं आठवली नाहीं. ती आठवली अंथरुणावर पडल्यावर, आणि मग झोंप आली नाहीं. सकाळीं उठून क्षमा मागावी असा निश्चय केला. सकाळीं उठून पाहतों तों भिंतीवर शेवग्याच्या शेंगांची जुडी नेहमींसारखी ठेवलेली. त्या जुडीनें माझें काम सोपें केलें नाहीं; उलट अवघड केलें. कांहीं बिघडलेंच नाहीं असें समोरच्या माणसानें दाखविलें, कीं क्षमा मागण्यास भित्र्या मनाला निमित्त उरत नाहीं. मीं ती मागितली नाहीं. पुढें नोकरीसाठीं पुण्यास आलों. काका गेले, मागोमाग काही वर्षांनीं काकूही गेल्या. दोन्ही वेळां मला बातमी पत्रानें कळली.

लूकच्या शुभवर्तमानांतील भल्या शोमरोन्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक वाटसरू लुटला जातो. याजक आणि लेवी त्याला पाहून दुसऱ्या कडेनें निघून जातात. ज्याचा यहुदी लोक तिटकारा करीत असा शोमरोनी मात्र थांबतो, जखमा बांधतो, त्याला धर्मशाळेंत नेतो आणि दोन दिवसांच्या मजुरीइतकीं नाणीं देऊन उरलेला खर्चही पत्करतो. ही गोष्ट वाचतांना आपण सारे नकळत त्या शोमरोन्याच्या जागीं बसतों, किंवा फार तर याजकाच्या जागीं बसून स्वतःला दोष देतों. माझ्या बाबतींत ती चूक आहे, हें मला पुष्कळ वर्षांनीं उमगलें. आमच्या त्या भिंतीच्या गोष्टींत मी आणि माझी आजी रस्त्यावर पडलेले वाटसरू होतों. आणि ज्यांचा स्पर्श चालत नसे त्या काकू थांबल्या होत्या. गोष्टींतील तो वाटसरू शुद्धीवर आल्यावर काय म्हणाला, त्यानें आभार मानले कीं नाहीं, शोमरोन्यांविषयींचें त्याचें मत बदललें कीं नाहीं, यांतलें कांहींच येशूनें सांगितलेलें नाहीं. सांगणाऱ्याला त्याची आवश्यकता वाटली नाहीं. 'माझा शेजारी कोण?' असें शास्त्र्यानें विचारलें होतें. त्याला उलट प्रश्न आला कीं, या तिघांपैकीं शेजारी कोण झाला? शेजारी हा असावयाचा नसतो, व्हावयाचा असतो. आपल्या भाषेंत 'शेजारधर्म' असा शब्द आहे. तो आपण किती सहज वापरतों! त्यांतल्या दुसऱ्या पदाचा अर्थ मीं काकूंच्या आंगणांत पाहिला.

मी ख्रिस्ती झालों नाहीं. आईच्या देव्हाऱ्यांतले देव आज माझ्या घरांत आहेत. काकूंच्या प्रभूविषयीं कोणी हलकें बोललें, तर मात्र मला तें आपल्याच घरच्या माणसाविषयीं बोलल्यासारखें लागतें. याला काकू यश म्हणाल्या असत्या कीं नाहीं, कोणास ठाऊक. त्यांनीं हिशेब ठेवला नव्हता.

आतां मी एका मोठ्या इमारतींत राहतों. शेजारीं एक जैन कुटुंब आहे. गेल्या दिवाळींत फराळाचें ताट भरण्याआधीं मीं त्यांच्या सुनेला विचारून घेतलें, आणि एक नारळ व साखरेचा पुडा घेऊन सूर्यास्तापूर्वीं त्यांच्या दारीं गेलों. घरांतल्या वृद्ध बाईंना फार कौतुक वाटलें. 'शिजवलेलें नको, दिवस मावळण्याच्या आंत यावें, हें तुम्हांला कोणीं शिकविलें?' असें त्यांनीं विचारलें.

'पलीकडच्या काकूंनीं,' मी म्हणालों.

बाईंनीं माझ्या घराच्या पलीकडल्या बंद दाराकडे आदरानें पाहिलें. मीं त्यांची समजूत दुरुस्त केली नाहीं. परत वळल्यावर मात्र माझ्या ध्यानांत आलें कीं, त्या बंद दारामागें कोण राहतें, हें मला दोन वर्षांत माहीत नाहीं.